तेच मैदान, त्याच उड्या : भरतीच्या तयारीतील स्नायुइजेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक निवासी अकॅडमी आहे. मी त्याच गावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. या प्रकरणाशी माझा संबंध चौथ्या दिवशी आला. त्याआधीचा घटनाक्रम मुलांच्या व प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून आणि रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून जुळवला आहे. संबंधितांची संमती घेतली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सध्याच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते : १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. उडी मारण्याला आता एकही गुण नाही. पूर्वी लांब उडीलाही गुण होते आणि अकॅडमीचे प्रशिक्षक स्वतः त्या काळात तयारी केलेले असल्याने बेडूकउड्यांशिवाय पाय तयार होत नाहीत, ही त्यांची पक्की समजूत होती. ती पूर्णपणे चुकीची होती असे मी म्हणणार नाही. उड्यांनी पायांतील जोर वाढतो आणि त्याचा लाभ वेगाच्या धावण्याला व गोळा फेकताना मिळतो. चूक उड्यांत नव्हती, त्या कोणाला, कोणत्या दिवशी आणि किती दिल्या यात होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवी बॅच सुरू झाली. बावीस मुले नवी होती आणि चौदा मुले डिसेंबरपासून तेथेच राहत होती. नव्या मुलांपैकी एक वीस वर्षांचा तरुण, त्याला येथे ‘सुरेश’ म्हणू, गावाकडे वर्षभर रोज पहाटे डांबरी सडकेवर धावत असे. प्रवेशाच्या दिवशी घेतलेल्या १६०० मीटरच्या धावेत तो नव्या मुलांत पहिला आला होता. प्रकृतीने सडपातळ, व्यसन नाही, आजार नाही. पुढे जे झाले ते या मुलाला होईल असे कोणालाही वाटले नसते आणि या प्रकरणातील शिकण्यासारखा भाग नेमका हाच आहे.

घडले ते

प्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दोन्ही गट एकत्र मैदानावर उतरले. धावण्याच्या दोन फेऱ्या झाल्यावर चाळीस मीटर बेडूकउड्यांच्या पाच फेऱ्या, त्यानंतर मैदानालगतच्या सुमारे दोन फूट उंचीच्या कट्ट्यावरून खाली उड्या आणि शेवटी शंभर बैठका, असा क्रम ठरला होता. तीन मुले उशिरा आली म्हणून सर्वांना शिक्षा म्हणून बेडूकउड्यांची आणखी एक फेरी मिळाली. मुलांनी दिलेल्या अंदाजांची सरासरी धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशेच्या आसपास उड्या आल्या. नव्या मुलांपैकी सहा जण अर्ध्यावर बसले. सुरेश बसला नाही, कारण आदल्या दिवशी पहिला आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी खाली बसला तर कसे दिसेल, असे त्याला वाटले. हे त्याने मला नंतर सांगितले.

त्या दिवशी संध्याकाळी त्याचे पाय जड होते, पण दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या इतक्या भरून आल्या की कठड्याला धरल्याशिवाय जिना उतरता येईना आणि शौचाला उकिडवे बसणे अशक्य झाले. नव्या मुलांपैकी बहुतेकांची अशीच अवस्था होती. ‘घाम काढला की मोकळे होते’ या नेहमीच्या न्यायाने त्यांना पुन्हा मैदानावर नेऊन हळू धावणे आणि पन्नास बैठका दिल्या गेल्या. दुपारी सुरेशने मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि रात्रीपर्यंत तीन घेतल्या. पाणी बेताचेच प्यायला, कारण उठून पाण्यापर्यंत जाणेच नको वाटत होते.

उड्यांपासून तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. खोलीतल्या मित्राने उन्हाळी लागली असे ठरवून त्याला सब्जाचे पाणी दिले. दिवस एप्रिलचे होते, त्यामुळे हा तर्क कोणीही केला असता. संध्याकाळपर्यंत रंग आणखी गडद झाला, मांड्या ताठ आणि टणक झाल्या, मळमळ सुरू झाली. तेव्हा प्रशिक्षक त्याला गावातील एका डॉक्टरांकडे घेऊन गेले.

निदान कोठे अडले

गडद लघवी, मळमळ, थकवा आणि रक्तात एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत पाहिली जाणारी द्रव्ये वाढलेली, हे पाहून प्रथम कावीळ असावी असा संशय व्यक्त झाला. ‘कावीळ’ हा शब्द कानावर पडताच घरच्यांनी फोनवरून गावाकडील झाडपाल्याच्या औषधाची तयारी सुरू केली. दोन गोष्टी मात्र काविळीशी जुळत नव्हत्या. काविळीत वाढणारे बिलिरुबिन सामान्य होते, आणि एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा कितीतरी अधिक होते. ही दोन्ही द्रव्ये केवळ यकृतात नसतात, स्नायूंतही असतात, आणि स्नायू फुटले तर तीही रक्तात उतरतात. त्या रात्री प्रशिक्षकांनी मुलाला घरी न पाठवता जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात नेले. संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा योग्य निर्णय तो होता आणि तो त्यांचा होता, हे नमूद केले पाहिजे.

तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न लघवीबद्दल विचारला नाही, ‘परवा काय व्यायाम केलास?’ असे विचारले. लघवीच्या पट्टीवर रक्त असल्याची खूण उमटत होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळपास दिसत नव्हत्या. याचा अर्थ रंग रक्ताचा नव्हता, तर स्नायूंतून सुटलेल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा होता. स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारे सीपीके हे विकर तपासले तेव्हा ते प्रति लिटर ४२,००० युनिटच्या आसपास निघाले. निरोगी माणसात ते साधारण दोनशेच्या आत असते आणि पाच हजारांच्या वर गेले की मूत्रपिंडाला धोका वाढतो असे मानतात. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन १.६, म्हणजे वाढलेले होते. निदान झाले रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळणे. डॉक्टरांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही करून घेतली. ज्यांच्यात तो गुणधर्म सुप्त स्वरूपात असतो, त्यांना अतिश्रमानंतर हा विकार होण्याची शक्यता अधिक असते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथील अकॅडमींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सुरेशची तपासणी नकारात्मक आली.

पाच दिवस सलाईन, दर तासाला लघवीचे मोजमाप, पोटॅशियमवर लक्ष आणि वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद, एवढ्यावर तो सावरला. डायलिसिसची वेळ आली नाही. मायोग्लोबिनचा भार आधीच पडलेल्या मूत्रपिंडांवर कमी पाणी आणि त्या गोळ्या यांनी दुहेरी ताण आणला होता. एरवी निरुपद्रवी वाटणारी मेडिकलमधील ती खरेदी या प्रकरणात व्यायामाच्या खालोखाल घातक ठरली, असे माझे मत आहे.

धावणारा मुलगा उड्यांनी का कोलमडला

प्रशिक्षकांचा मला पहिला प्रश्न असा होता की, जुन्या चौदा मुलांनी त्याच पहाटे, त्याच मैदानावर, तेवढ्याच उड्या मारल्या आणि त्यांच्यापैकी कोणालाही पाय थोडे जड होण्यापलीकडे त्रास झाला नाही, मग दोष उड्यांचा कसा? हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बचावासाठी विचारला होता, पण प्रकरणाची किल्ली त्यातच होती.

उडी मारून जमिनीवर टेकताना गुडघा वाकतो आणि मांडीच्या पुढील स्नायूला शरीराचा भार थोपवावा लागतो. म्हणजे तो आकुंचनाचा जोर लावत असतानाच भाराखाली लांबत जातो. याला एक्सेन्ट्रिक आकुंचन म्हणतात. जिना चढताना स्नायू आखडत काम करतात, उतरताना लांबत. म्हणूनच दम चढण्याने लागतो आणि मांड्या उतरण्याने भरतात; गड उतरून आलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. लांबताना स्नायूतंतूंच्या काही कमकुवत कप्प्यांवर अवाजवी ताण येऊन ते ताणले जातात, आतील जोड विस्कटतात, पेशीच्या आवरणाला चिरा पडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पुढील दिवसांत दाहाची प्रक्रिया सुरू होते. वेदना त्या वेळी न होता चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोचते ती यामुळे. लॅक्टिक ॲसिड साचल्याने हे दुखते, अशी समजूत मैदानांवर अजून ठाम आहे, परंतु ते साधारण तासाभरात रक्तातून निवळलेले असते. दोन दिवसांनी होणाऱ्या वेदनेचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. या उशिरा येणाऱ्या वेदनेचे मूळ स्नायूंतील सूक्ष्म इजेत असावे, असे थिओडोर हफ या अमेरिकी संशोधकाने १९०२ मध्येच मांडले होते.

बेडूकउडीत आणखी एक भर पडते. ती पूर्ण उकिडव्या स्थितीत संपते, म्हणजे मांडीचा स्नायू आधीच लांब झालेला असताना त्याला भार थोपवावा लागतो आणि लांब स्थितीत होणारी इजा अधिक असते. सपाट सडकेवर धावणाऱ्या सुरेशच्या हृदयाला आणि फुप्फुसांना वर्षभराची तालीम होती, पण त्याच्या मांड्यांना असा भार कधी माहीतच नव्हता. उलट चांगला दम त्याच्या अंगावर उलटला : ज्यांचा दम लवकर संपला ते सहा जण खाली बसले आणि वाचले, हा मात्र शेवटच्या फेरीपर्यंत टिकला.

जुन्या मुलांचे रक्षण ज्या गुणाने केले, त्याचा अभ्यास गेली काही दशके होत आहे. एकदा अशा प्रकारचा व्यायाम झाला की पुढील वेळी तोच व्यायाम केल्यावर इजा, सूज, वेदना आणि ताकदीतील घट ही सारी बरीच कमी होतात. मज्जासंस्था भार अधिक तंतूंत वाटू लागते, संयोजी ऊतक बळकट होते, तंतूंत नव्या कप्प्यांची भर पडते, दाहाची प्रतिक्रिया सौम्य होते, अशी अनेक कारणे सांगितली जातात आणि बहुधा ती सर्वच थोडी थोडी खरी असावीत. यातील व्यवहारोपयोगी भाग असा की हे संरक्षण मिळवण्यासाठी आधी मोठी इजा सोसावी लागत नाही. मियामा आणि नोसाका या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंचीवरून खाली घेतलेल्या केवळ दहा उड्यांनी नंतरच्या पन्नास उड्यांपासून स्नायूंना संरक्षण दिल्याचे दिसले. तालमीत नव्या मुलाला वस्ताद पहिल्याच दिवशी जुन्या मल्लाइतक्या बैठका मारू देत नाहीत, ती शहाणीव हीच. नवी अकॅडमी तालमीतील आकडे घेऊन आली, चढत्या पायऱ्या मात्र तिकडेच राहिल्या.

हा प्रमाद आपल्याकडचाच आहे असेही नाही. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातील तेरा खेळाडूंना याच विकाराने रुग्णालयात दाखल करावे लागले. सुट्टीवरून परतल्यावर त्यांना खांद्यावर वजन घेऊन शंभर बैठका, त्याही घड्याळ लावून, दिल्या होत्या. ते तर पूर्णवेळ व्यायाम करणारे खेळाडू होते.

समोर असलेले पर्याय

सुरेश रुग्णालयातून सुटल्यानंतर प्रशिक्षक, अकॅडमीचे चालक आणि मी असे तिघे बसलो. घाबरलेल्या चालकांचे म्हणणे होते की उड्या कायमच्या बंद कराव्यात; परीक्षेत उडी नाही, मग धोका कशाला? हा पर्याय मोह पाडणारा होता. पण ही मुले निवडली गेली तर पुढे पोलीस प्रशिक्षण केंद्रात जाणार होती, आणि तेथे अशा व्यायामाला ती पहिल्यांदाच सामोरी गेली असती. आपण धोका टाळला नसता, पुढच्या दारात नेऊन ठेवला असता. म्हणून मी विरोध केला.

प्रशिक्षकांनी वाळूचा पर्याय सुचवला. त्याला आधार आहे : वाळूवर घेतलेल्या उड्यांनी कठीण जमिनीच्या तुलनेत स्नायूंची इजा व वेदना कमी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र अकॅडमीकडे लांब उडीचा जुना, अरुंद खड्डा तेवढा होता आणि छत्तीस मुलांना तो पुरणारा नव्हता. व्यायामाआधी अंग ताणण्याचा उपायही चर्चेत आला, पण ताणण्याने नंतरच्या वेदनेत नगण्य फरक पडतो. तो वेळ वाचवणे बरे, असे मी सांगितले. प्रशिक्षकांना ते रुचले नाही आणि ताणण्याचे व्यायाम आजही चालू आहेत. त्यांनी अपाय होत नसल्याने मी तो वाद वाढवला नाही.

उरला पर्याय अगदी लहान मात्रेपासून सुरुवात करण्याचा. तो स्वीकारण्यात अडचण शास्त्राची नव्हती, प्रतिष्ठेची होती. पहिल्याच दिवशी मुलांचा कस लागला नाही तर पालकांना अकॅडमी ढिली वाटते, असे चालकांनी स्पष्टपणे सांगितले.

केलेली कृती

ठरले ते असे. पहिल्या दिवशी एका पायरीच्या उंचीवरून पाच-पाच उड्यांचे दोन गट, बस्स. त्यानंतर किमान चार दिवस उडी नाही, धावणे आणि गोळाफेक चालू. दुसऱ्या वेळी वीस उड्या, दुसऱ्या आठवड्यात तीस ते चाळीस, महिन्याअखेरीस साठ. आठवड्यातून दोनच वेळा आणि एका वेळी शंभरावर कधीच नाही. बेडूकउड्या तिसऱ्या आठवड्यापासून, त्याही अर्ध्या बैठकीपर्यंत. मोजमाप मीटरमध्ये न ठेवता उड्यांच्या संख्येत ठेवायचे, कारण चाळीस मीटरमध्ये एका मुलाच्या पंचवीस उड्या होतात आणि दुसऱ्याच्या चाळीस.

वेदना हे इजेचे विश्वासार्ह माप नाही. ताकदीतील घट अधिक खरे सांगते. उपकरणे परवडणारी नव्हती म्हणून बोटांना खडू लावून भिंतीशी उभ्याने उडी मारायची आणि खूण करायची, एवढी चाचणी ठेवली. उड्यांनंतर दोन दिवसांनी खूण नेहमीपेक्षा चार बोटे खाली आली तर त्या मुलाला त्या आठवड्यात उड्या बंद.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शिक्षेच्या मुद्द्यावर. शिक्षा म्हणून दिलेल्या उड्या कोणत्याच नोंदीत येत नाहीत आणि ज्याला त्या मिळतात तो थांबण्याची परवानगी मागू शकत नाही, हे माझे म्हणणे होते. उशिरा येणाऱ्याने मैदान झाडायचे, यावर अखेर तडजोड झाली. शिवाय लघवीचा रंग गडद झाला तर उन्हाळी की काय याची चर्चा न करता थेट रुग्णालय, आणि वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय नाही, हे दोन नियम मुलांच्या खोल्यांत लावले गेले.

परिणाम

सुरेशचे सीपीके उतरण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तोवर चालण्यापलीकडे काही नाही, नंतर सपाटीवर हळू धावणे आणि नवव्या आठवड्यात पहिल्या दहा उड्या. त्या दहा उड्या मारायला तो घाबरत होता आणि मलाही काळजी होती. दोन दिवस लघवी व भिंतीवरची खूण पाहिली, फरक पडला नाही. अर्धवट न सोडलेल्या इतर नव्या मुलांनी तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर चाळीस उड्या मारल्या तेव्हा जिना उतरताना कोणी कठडा धरला नाही. ज्या उड्यांनी त्यांना लोळवले होते, त्यांनीच त्यांना राखले. फक्त दिलेली किंमत अकारण मोठी होती.

पुढची बॅच ऑगस्टमध्ये आली. पहिल्या महिन्यात दोघांचीच खूण चार बोटांहून अधिक खाली गेली. त्यातील एक बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला होता आणि परत येऊन थेट चाळीस उड्यांच्या दिवशी रांगेत उभा राहिला. वेळापत्रक बॅचचे होते, मुलाचे नव्हते. ही फट माझ्या आराखड्यात होती. आता प्रत्येकाच्या नावापुढे त्याची स्वतःची पहिली तारीख लिहिली जाते. संरक्षण काही आठवडे टिकते, हाताच्या स्नायूंवरील प्रयोगांत ते काही अंशी सहा महिन्यांपर्यंत दिसले आहे, तरी आम्ही तीन आठवड्यांहून अधिक खंड पडला की वीस उड्यांपासून पुन्हा सुरुवात करतो.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशीच्या चुकीबद्दल वर पुरेसे आले आहे. दुसऱ्या दिवशीच्या पन्नास बैठकांबद्दल माझे मत प्रशिक्षकांना वाटते तितके कठोर नाही. इजा झालेल्या स्नायूंना लगेच पुन्हा तोच व्यायाम दिल्याने इजा फारशी वाढत नाही, असे प्रयोग सांगतात. पण त्या प्रयोगांत एप्रिलचे ऊन, तहानलेले शरीर आणि पोटात तीन गोळ्या नव्हत्या. त्या दिवशी बैठकांऐवजी प्रत्येकाला चालायला लावून, पाणी पाजून, लघवीचा रंग विचारला असता तर एक दिवस वाचला असता.

माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट वेगळी आहे. मी चौथ्या दिवशी अकॅडमीत गेलो तेव्हा आणखी चार मुलांच्या मांड्या सुजून टणक झाल्या होत्या. त्यांची लघवी स्वच्छ आहे असे त्यांनी तोंडी सांगितले आणि मी भरपूर पाणी प्यायला सांगून त्यांना खोलीत पाठवले. सुरेशचा अहवाल तोवर माझ्या फोनवर आलेला होता. त्या चौघांचे सीपीके आणि क्रिएटिनिन त्याच दुपारी तपासायला हवे होते. चौघेही बरे झाले, पण तपासणी न केल्यामुळे त्यांच्यापैकी कोणी किती जवळून परतला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.